नऊ टनांची पेन्सिल

ढग्या जमिनीचा माणूसच नव्हता. जमिनीवर तो यायचा जेवायला, झोपायला आणि बहिणीचे टोमणे ऐकायला. बाकी सगळा दिवस त्याचा मुक्काम सत्तर मीटर उंच क्रेनच्या गळ्याशी अडकवलेल्या काचेच्या केबिनमध्ये. शिडी एवढी लांब, की गुळगुळीत दाढी करून चढलेला माणूस वर पोचेपर्यंत पुन्हा दाढीला आलेला असे. कधी एखादा ढग वाट चुकून केबिनमध्ये शिरला, तर तो त्याला फडक्याने बाहेर हाकलून कामाला लागे. नाव पडलं ते त्यावरून.

खाली त्याचे डोळे म्हणजे दाजी. ताईचा नवरा, आणि साइटवरचा इशारेवाला. एवढ्या उंचीवर हाक पोचत नाही, वॉकीटॉकी निम्मा वेळ नुसती खरखरते, तेव्हा सगळा कारभार हातांवर. दाजींनी अंगठा वर केला की दोर वर. तळहात पालथा हलवला की दोर खाली. हात डावीकडे लांबवला की क्रेनची भुजा डावीकडे. आणि मूठ आवळली, की आभाळ कोसळलं तरी जागच्या जागी थांब. चौदा वर्षं हे असं चाललं होतं. इशारा दिसला की ढग्याचा हात दांड्यावर आपोआप फिरे, मध्ये डोकं येत नसे.

"ते येत नाही हेच बरं," दाजी म्हणत. "आलं असतं तरी त्याचा फारसा उपयोग नव्हता."

बिनसलं ते एका मंगळवारी. सळयांचा भारा हवेत होता, कुठूनसा वाऱ्याचा फटकारा आला आणि भारा झुलायला लागला. झुलणारं ओझं शांत कसं करायचं हे क्रेनवाल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. त्याला उलटं ओढायचं नाही. ते जिकडे निघालंय तिकडे त्याच्या मागोमाग जायचं, बरोबर त्याच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं, की ते आपसूक गप होतं. ढग्याने हे हजारदा केलं होतं. पण त्या मंगळवारी भारा दाजींच्या दिशेने निघालेला दिसला, आणि त्याने घाबरून उलटा हिसका दिला. भारा चवताळला. दाजींच्या डोक्यावरून असा काही गेला, की हेल्मेट उडालं आणि भांग मोडला नाही. हेल्मेट सापडलं तीन गल्ल्या पलीकडे, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पायजम्यात.

दाजींनी ही हकिकत त्या दिवशी अकरा जणांना सांगितली आणि दर खेपेला पायजम्याचा घेर वाढवला. ढग्या एकदाही हसला नाही. डोळे मिटले की त्याला तो भारा निघालेला दिसे. दुसऱ्या दिवसापासून त्याचे हात कापायला लागले. चहाचा कप ओठाला लागेतो अर्धा होई. शर्टाचं एक बटण लावायला त्याला एवढा वेळ लागे, की ताई म्हणाली, "अरे, तुझं बटण लागेपर्यंत फॅशन बदलेल."

केबिनमध्ये एक छोटा पडदा होता. त्याच्यावर आकडा येई: खाली टांगलेलं ओझं किती सेंटिमीटर झुलतंय तो. ढग्याचा आकडा एरवी दोन-तीन. वारा सुटला तर पाच. आता तो चाळीसवर जाऊन बसला. हवा पडलेली, झाडाचं पान हलत नाही, आणि हूक मात्र वेड लागल्यासारखा झुलतोय. दोर कसला, ढग्याच्या मनगटातून निघालेली शीरच ती. मनगट जे लपवू बघे ते दोर सत्तर मीटर खाली जाऊन सगळ्या साइटला सांगे.

आणि नेमकं तीन आठवड्यांवर सगळ्यात अवघड काम येऊन ठेपलेलं. साइटला लागूनच हॉस्पिटल होतं. त्यांचं एक यंत्र यायचं होतं, माणसाच्या पोटातलं, डोक्यातलं चित्र बाहेर काढून दाखवणारं. वजन नऊ टन. जिन्यातून जाणं शक्य नव्हतं, म्हणून चौथ्या मजल्याचं छप्पर कापून चौकोनी भोक पाडलेलं. त्या भोकातून यंत्र सरळ खाली सोडायचं. चारही बाजूंना जागा किती, तर चार-चार बोटं. आणि भोकाच्या काठावर उभं राहून इशारे कोण देणार? दाजी.

"दुसऱ्या कुणाला तरी उभं करा," ढग्या म्हणाला.

"का रे बाबा? दुसऱ्याला काय बायको नाही?" दाजी म्हणाले. "मरायचं तर घरच्या माणसाच्या हातून मरावं. निदान दहाव्या मिनिटाला रडायला तरी येशील."

साइटच्या सुरक्षिततेचे साहेब होते, त्यांना सगळे हेल्मेटसाहेब म्हणत, कारण ते जेवतानाही हेल्मेट काढत नसत. त्यांनी ढग्याला स्पष्टच सांगितलं. "उचलण्याच्या दिवशी आकडा पाचच्या आत हवा. नसेल, तर दुसरा माणूस चढेल आणि तू गोदामात हातमोजे वाटशील. कायमचा."

गोदाम तळघरात होतं.

कंपनीच्या दवाखान्यात एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई बसत. त्यांनी ढग्याला हात पुढे करायला लावले, तळहातावर कागद ठेवला आणि तो फडफडताना जरा वेळ पाहिला.

"गोळी दिली तर हात थांबेल," त्या म्हणाल्या, "पण डोळाही मिटेल. वर बसून घोरणारा क्रेनवाला काय कामाचा? तू असं कर, चित्र काढ."

"मला नाही येत."

"ते मी विचारलंय का? रोज पाऊण तास. कसलंही काढ. चांगलं नको, वाईटच काढ. चाळीस वर्षं बघतेय, रंगात हात घातलेल्या माणसाची नाडी उतरते. घालताना मोजते, काढताना मोजते. का उतरते ते मला विचारू नकोस, मला नुसतं मोजता येतं."

घरी ताईने तिच्या मुलीचे रंगखडू काढून दिले. ढग्या जेवणाच्या टेबलाशी बसला आणि कोंबडी काढायला लागला. पहिला खडू मोडला. दुसरा मोडला. तिसऱ्याने कागद फाटला आणि कोंबडी टेबलावर उतरली. त्याला घाम फुटला. पाऊण तासाने ताईने त्याची नाडी पाहिली, तर ती मघाच्या दीडपट.

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली.

"अंगण वाकडं नाही ग ताई, अंगण लहान आहे," ढग्या काकुळतीने म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं. त्याचा हात खांद्यापासून सुरू होऊन सत्तर मीटर खाली हुकाशी संपत होता. एवढा हात पाच बोटांत कोंबायचा म्हणजे अजगराने मोज्यात शिरायचं. जेवता जेवता दाजी थांबले. त्यांनी घास खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे पाहिलं.

"मग मोठ्या अंगणात काढ की," ते म्हणाले.

साइटचं फाटक आठला उघडे. दुसऱ्या दिवशी हे दोघे पहारेकऱ्याला सांगून साडेसहालाच आत हजर. मधलं पटांगण नुकतंच काँक्रीट ओतून सपाट केलेलं, राखाडी, रिकामं, चार मैदानं मावतील एवढं. दाजींनी सहा झाडण्या एकत्र बांधून हुकाला लटकवल्या आणि पिंपभर चुना कालवला. ढग्या वर गेला. झाडण्या चुन्यात बुडाल्या, वर आल्या, आणि त्याने पहिली रेघ ओढली.

रेघ कसली, ती थरथरच पांढरी होऊन जमिनीवर पडली. पडद्यावर आकडा अडतीस. ढग्याने दात आवळून दुसरी रेघ ओढली. तीही तशीच. पण तिसऱ्या रेघेला एक गंमत झाली. झाडण्या झुलत होत्या, आणि ज्या बाजूला झुलल्या तिकडेच कोंबडीची मान न्यायची होती. त्याने त्यांना जाऊ दिलं. मान वळली. छान वळली. पुढची रेघ कुठून न्यावी याचा विचार करता करता तो जीभ बाहेर काढून पुढे वाकला, आणि मग त्याला भाऱ्याची आठवण राहिली नाही, गोदामाची राहिली नाही, दाजींनी शिंक दिली तीही त्याच्यापर्यंत पोचली नाही. जगात एक कोंबडी होती आणि तिला शेपूट हवं होतं.

शेपूट झालं तेव्हा त्याने पडद्याकडे पाहिलं. आकडा सहा.

त्याने हात दांड्यांवरून उचलून डोळ्यांसमोर धरले. ते त्याचेच होते. नखांतलं ग्रीसही त्याचंच होतं. पण ते असे पडून होते, जशी दुपारची गुरं सावलीत पडतात. ढग्या त्यांच्याकडे एवढा वेळ बघत राहिला, की खाली दाजींना वाटलं तो वर झोपला.

"काय काढलंस?" वॉकीटॉकी खरखरली. जमिनीवरून दाजींना नुसते पांढरे पट्टे दिसत होते. वर जाऊन बघायचं तर त्यांना स्टुलावर चढलं तरी चक्कर येई.

"कोंबडी."

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. पलीकडच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीतून ताई बोलत होती. "अहो, त्याला सांगा, किटली फार सुरेख आलीय."

मग हे रोजचंच झालं. जुनं चित्र पाण्याने धुवायचं, नवं काढायचं. मासा झाला, छत्री झाली, बूट झाला. घोड्याच्या दिवशी दाजींच्या कानाशी गांधीलमाशी आली. दाजींनी आधी उजवा हात झटकला, मग डावा, मग दोन्ही. वर ढग्याने इशारा म्हणून प्रत्येक झटका मान्य केला, आणि पाठमोरे दाजी माशीशी लढत असताना त्यांच्यामागे घोड्याला पाठीतून एक पंख फुटला, मग दुसरा. चौदा वर्षांची सवय, तिला काय माशी आणि काय माणूस. घोडा पुसायचा कसा, म्हणून तो उडता घोडा आहे असं ठरलं. त्या मार्गाने जाणारी विमानं त्या आठवड्यापासून डावीकडे कलून जायला लागली, कारण सगळे प्रवासी एकाच बाजूच्या खिडक्यांशी गोळा होत. एका घारीने मासा उचलायला झडप घातली आणि काँक्रीटवर बसून ती दिवसभर विचार करत राहिली. हॉस्पिटलच्या खिडक्यांत सकाळी सातला माणसं दिसू लागली, कुणी काठीवर, कुणी सलाइनची बाटली हातात धरून.

पण एक होतं. पाऊण तासाचा उतारा आणि दिवसभराचं दुखणं. आठला काम सुरू होई, ओझं उचललं जाई, आणि त्याच्या आसपास कुठे दाजींचं पिवळं हेल्मेट दिसलं, की सहाचे सोळा, सोळाचे तीस. पिवळा ठिपका दृष्टीआड झाला की आकडा उतरे. ढग्याने हे कुणाला सांगितलं नाही. कोंबडीपासून बुटापर्यंत त्याची जगातली निम्मी वस्तुसंपदा काढून झाली होती, पण माणूस एकही काढला नव्हता. काढायला घेतला की झाडण्या आपोआप बाजूला वळत.

यंत्र यायच्या आदल्या दिवशी हेल्मेटसाहेबांच्या टेबलावर कुणीतरी हॉस्पिटलच्या गच्चीवरून घेतलेला फोटो ठेवला. साहेब पटांगणात आले. त्या दिवशी तिथे हत्ती होता. त्याच्या पायाच्या नखात उभं राहून साहेब म्हणाले, "हूक हे वजन उचलायचं साधन आहे. चित्रं काढायचं नाही."

"साहेब, हत्तीलाही वजन असतं की," दाजी म्हणाले.

"नियमात चित्र कुठे आहे? दाखवा."

"काढू नये असं तरी कुठे आहे? ते तुम्ही दाखवा."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळलं. दोन्ही गोष्टी त्यात नव्हत्या. तेव्हा त्यांनी स्वतःच्या अधिकारात झाडण्या कुलपात ठेवल्या, चुना ओतून दिला, आणि पटांगण घासून लख्ख करायला लावलं. उद्या सकाळी फाटक आठच्या आत उघडणार नाही, असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रस्ता बंद केला गेला. दोन्ही बाजूंना माणसं दाटली. हॉस्पिटलच्या प्रत्येक खिडकीत तोंडं. ढग्या शिडी चढत होता आणि प्रत्येक पायरीला त्याचे हात त्याच्याशी भांडत होते. केबिनमध्ये बसल्यावर त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले, तर खुर्ची कापायला लागली.

निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं यंत्र हुकाला लागलं आणि जमिनीवरून सुटलं. आकडा बावीस. छपराच्या उंचीला आलं. आकडा एकतीस. भोक दिसलं. भोकाच्या काठावर पिवळं हेल्मेट दिसलं. सत्तेचाळीस. त्रेपन्न. साठ. पडद्याचा दिवा लाल झाला. नऊ टन वजन घड्याळाच्या लंबकासारखं दाजींच्या दिशेने येई, मागे जाई, पुन्हा येई. रस्त्यावरची माणसं माना खाली घालून दोन पावलं मागे सरकली.

दाजींनी मूठ आवळली.

ढग्याने सगळं थांबवलं. पण थांबवलेला दोर झुलायचा थांबतो थोडाच.

"खाली घे! बाजूला घे! दुसऱ्याला बोलवा!" हेल्मेटसाहेब वॉकीटॉकीत ओरडत होते. तिन्हींपैकी एकही गोष्ट होण्यासारखी नव्हती. असं झुलणारं ओझं खाली घ्यायलाही आधी शांत हात लागतो, आणि दुसरा माणूस शिडी चढून येईपर्यंत त्याला दाढी आली असती. मग खरखर झाली आणि दाजींचा आवाज आला, जेवताना मीठ मागावं तसा.

"ढग्या, हात काय म्हणतायत?"

"कापतायत, दाजी."

"मग काढ की चित्र."

"कशाने काढू? झाडण्या नाहीत, चुना नाही, पटांगणात हे सगळे उभे..."

"अरे, नऊ टनांची पेन्सिल हातात आहे तुझ्या. आणि हे एवढं आभाळ कोरं पडलंय. पटांगणाच्या वर घे आणि काढ. मला कुठे जायचंय? मी आहे इथेच उभा."

पटांगणातली माणसं दूर हटवली गेली. ढग्याने भुजा हळूच फिरवली, रिकाम्या पटांगणावर आणली. खाली छपरावर पिवळा ठिपका उभा होता. मी आहे इथेच उभा. ढग्याने त्या ठिपक्याकडे पाहिलं. त्या मंगळवारपासून पहिल्यांदाच त्याने नजर काढून घेतली नाही. बघितलं, जसं कोंबडीच्या मानेकडे बघायचं असतं तसं: ही कड कुठून निघते, कुठे वळते, कुठे संपते.

यंत्र डावीकडून उजवीकडे एका मोठ्या कमानीत झुलत होतं. ती कमान, ढग्याला दिसलं, हेल्मेटची होती.

त्याने दोराला ओढलं नाही. तो दोराच्या मागोमाग गेला. कमान पुरी झाली, तिच्या टोकाशी त्याने दोर जरासा वर घेतला, आणि हेल्मेटची कड आभाळात उमटली. मग कपाळ. मग दोर सरळ खाली, बेताबेताने, एका जागी किंचित बाहेर, आणि नाक झालं. खाली रस्त्यावर कुणीतरी "अरे!" म्हणालं.

रेघ दिसत नव्हती. हवेत कुठून रेघ राहायची? निळी ताडपत्री निळ्या आभाळातून चालली होती, मागे काही उरत नव्हतं. आणि तरी रस्ताभर माणसांच्या माना एकदम डावीकडे वळत, एकदम उजवीकडे, एकदम खाली. भुवई झाली तेव्हा सगळ्यांना कळलं भुवई झाली. मिशीचं डावं टोक उजव्याहून थोडं वर गेलं, तेव्हा पाचव्या मजल्यावर ताईने तोंडावर हात ठेवला, कारण ते तसंच होतं, सतरा वर्षं ती ते सरळ करायला सांगत होती. रस्ता अडवून उभ्या असलेल्या पोलिसाचा हात आपोआप उचलला गेला आणि हवेत खांद्याची रेघ गिरवू लागला. खिडकीतल्या एका म्हातारबाबांचंही बोट चालायला लागलं. मग त्यांच्या शेजारणीचं. बघता बघता सगळ्या खिडक्यांतून, सगळ्या फुटपाथवरून बोटं हलत होती, आवाज न करता, कुणाचं बोट पुढे नाही की मागे नाही, जणू तो एवढा मोठा यंत्राचा गठ्ठा हजार माणसांनी मिळून एका पेन्सिलीसारखा धरला होता. एक परिचारिका एका रुग्णाचं मनगट धरून उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा मोजलं, आणि मनगट न सोडता स्वतःही वर बघत राहिली.

छपरावर दाजींना कळायला थोडा वेळ लागला. कळलं, तेव्हा त्यांनी पोट आत घेतलं. पण ढग्याने ते आधीच पाहून ठेवलं होतं. भुजा लांबच लांब, ऐसपैस फिरली.

मग पाय. एक सरळ, एक गुडघ्यात थोडा सैल, दाजी उभे राहतात तसा. मग बूट. शेवटी उजवा हात. तो उंचावलेला होता, आणि त्याची बोटं ढग्याने एक एक करून काढली, वर जायचं, वळायचं, खाली यायचं, पाच वेळा. या बोटांनी त्याला चौदा वर्षं आभाळात चालवलं होतं. करंगळीच्या टोकाशी यंत्र पोचलं आणि थांबलं.

छपराहून उंच, पटांगणाच्या बरोबर मध्ये, चाळीस मीटरचे दाजी उभे होते. पायांखाली काही नाही, अंगाला रेघ नाही, आरपार आभाळ, आणि तरी एवढे मोठे, एवढे धडधाकट, की रस्त्यावरच्या माणसांनी त्यांच्या सावलीतून बाहेर यावं तशी जागा बदलली. हे गृहस्थ मेले नव्हते. ढग्याने त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं, दोनदा पाहिलं. कुठेही मोडले नव्हते.

त्याने पडद्याकडे नजर टाकली. त्यावर शून्य होतं. क्रेन उभारायला आलेल्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या पडद्यावर सगळे आकडे येतील, शून्य कधी येणार नाही, एवढ्या उंचीवर जग कधीच एवढं स्थिर नसतं. भोवरा फिरता फिरता झोपतो, तसा नऊ टनांचा गठ्ठा दोराच्या टोकाशी झोपला होता.

"झालं?" वॉकीटॉकीतून दाजींनी हळू आवाजात विचारलं.

"झालं, दाजी."

"मग ये आता इकडे."

भुजा फिरली. यंत्र छपराकडे निघालं, पिवळ्या हेल्मेटच्या शेजारून, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावरून गेलं, आणि पडद्यावरचं शून्य तसंच राहिलं. दाजींनी तळहात पालथा केला. चार बोटं या बाजूला, चार बोटं त्या बाजूला, यंत्र भोकात उतरलं. ताडपत्री कुठेही घासली नाही. खालून मिस्त्रींचा "टेकलं!" असा आवाज आला आणि मग रस्त्यावर जो गलका झाला, त्यामुळे हॉस्पिटलच्या नोटीसबोर्डावरच्या 'शांतता राखा' या पाटीने स्वतःहून तोंड फिरवलं म्हणतात.

ढग्या खाली उतरला तेव्हा शिडीच्या पायथ्याशी हेल्मेटसाहेब उभे होते. हेल्मेट हातात होतं. त्यांना टक्कल आहे हे साइटवर त्या दिवशी कळलं. सगळ्यांना वाटलं, आता गोदाम. साहेबांनी घसा खाकरला.

"उजवा कान राहिला," ते म्हणाले.

"हेल्मेटच्या पट्ट्याखाली आहे, साहेब."

साहेबांनी वर पाहिलं, डोळे बारीक केले, मान हलवली. "हां. बरोबर आहे." मग झाडण्यांच्या खोलीची किल्ली त्यांनी ढग्याच्या हातात दिली. दुपारच्या पाळीला कोण चढणार, हे कुणी विचारलंच नाही.

दाजी छपरावरून उतरून आले. दोघं पटांगणाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले आणि माना मागे टाकून वर बघायला लागले. ढग्याने आपली चित्रं नेहमी वरून पाहिली होती; खालून बघायची ही पहिलीच खेप. वर काही नव्हतं. निळं, स्वच्छ, रिकामं.

तेवढ्यात हॉस्पिटलच्या पाण्याच्या टाकीवरून कबुतरांचा थवा उठला. सरळ पटांगणावरून निघाला, मध्यापर्यंत आला, आणि तिथे एकाएकी फाकला. निम्मी कबुतरं डावीकडून गेली, निम्मी उजवीकडून. खांद्यांना वळसा घातला, मग खाली उतरत आणखी लांबचा वळसा घातला, मग पायांपाशी पुन्हा जवळ आली आणि एक होऊन निघून गेली.

"बघ," दाजी म्हणाले. "पोट जास्तच काढलंस. पाखरांना केवढा फेरा पडला."